डब टेक्नोसाठी लूप निवडताना
अरे, डब टेक्नो म्हणजे टेक्नोच्या तालावर घुमणारे प्रतिध्वनी; तेव्हा आधी ते लूपचे, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तयार तुकड्यांचे, फोल्डर बंद कर. मायनर कॉर्डचा एकच छोटा स्टॅब, म्हणजे झटकन वाजून थांबणारा ठोका, घे आणि त्याच्यावरच काम कर. बर्लिनमध्ये १९९३ पासून बेसिक चॅनेल या संगीतकार जोडीच्या मोरिट्झ फॉन ओसवाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांनी असंच केलं: आवाज मोजके, बदल सतत. स्टॅब कोरडा आणि तोकडाच हवा. रिव्हर्बमध्ये (खोलीसारख्या घुमण्यात) आधीच भिजलेला लूप घेतलास तर डिलेला, म्हणजे प्रतिध्वनीच्या इफेक्टला, करण्यासारखं काही उरत नाही. डिले डॉटेड एट्थवर (पाऊण ठोक्याच्या अंतरावर) लाव, फीडबॅकच्या, म्हणजे डिलेत परत जाणाऱ्या आवाजाच्या, वाटेत खालचे सूर कापणारा हाय-पास फिल्टर ठेव, नाहीतर किकभोवती (बेस ड्रमच्या ठोक्याभोवती) नुसता चिखल होतो. मग फिल्टरचा कटऑफ, म्हणजे तो जिथून कापतो ती मर्यादा, हाताने, अगदी सावकाश फिरव. टेपची हिस, म्हणजे मागची बारीक सळसळ, काढू नकोस. मला तर ती फार प्रिय आहे. लूप दहा मिनिटं चालू ठेवून ऐक. कंटाळा आला तर स्टॅबच बदल, वर नवा थर चढवू नकोस.