डेकवरून खाली उतर

प्रिय मुली,

तुझी पानं वाचली, सोबतची चिठ्ठीही वाचली. ‘जहाजाची नोंदवही हरवली, खाली कोंडलेल्यांपैकी एकाचीही साक्ष घेतली गेली नाही, मग मी कुणाच्या आधाराने लिहू?’ हा तुझा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही.

आधार सापडेना म्हणून तू ‘झोंग’ या गुलामांच्या जहाजाची गोष्ट त्याच्या कॅप्टन कॉलिंगवूडच्या डोळ्यांनी सुरू केलीस. एकेकाळचा जहाजावरचा डॉक्टर, आता स्वतःच आजारी, भेदरलेला. तो उत्तम उतरलाय आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. डेकवरून लिहू नकोस. या प्रकरणातला कागद न् कागद वर उभ्या असलेल्यांच्या बोलण्यातून आलाय. कादंबरीही तिथूनच लिहायची असेल, तर ती तू कशाला लिहायला हवीस?

पावसाचंच बघ. 29 नोव्हेंबर 1781 रोजी माणसं समुद्रात फेकायला सुरुवात झाली. बायका आणि मुलं आधी, केबिनच्या खिडक्यांतून. सबब अशी, की पिण्याचं पाणी संपत आलंय. पुढे जोराचा पाऊस झाला, पिंपं भरून घेतली, आणि तरीही माणसं फेकणं थांबलं नाही. एकूण 130 हून अधिक जीव गेले. पाऊस तू कोर्टाच्या प्रकरणात घातलास. तिथे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड आहे, फेकलेल्यांपोटी जहाजमालकांचा माणशी 30 पौंडांचा विम्याचा दावा आहे, घोडे फेकले असते तर जो न्याय लागला असता तोच इथेही, हा युक्तिवाद आहे. 1783 च्या मार्चमध्ये ज्युरीने जहाजमालकांना कौल दिला, मे महिन्यात फेरसुनावणीचा हुकूम झाला, खुनाचा खटला मात्र कुणावरच चालला नाही. सगळं खरं आहे, तू नीट अभ्यास केलायस. पण कोर्टात पाऊस हा पुरावा असतो, तळात तो पाणी असतो. फळ्यांवर तडतड सुरू होते. जाळीतून थेंब गळतात. जोडीजोडीने बेड्या घातलेली माणसं, एकाने मान वर केली की दुसऱ्याचा पाय ओढला जातो. कुणीतरी म्हणतं, आता थांबतील. मग जाळी उघडते. हे लिही.

अगं, आधार नाही कसा? जहाज मुळात डच. इंग्रजांनी ते फेब्रुवारीत पकडलं तेव्हाच त्यावर 244 आफ्रिकी माणसं होती. किनारा कायमचा सुटला सप्टेंबरात, तेव्हा आकडा 442 झाला होता. इतके महिने आत पडून राहिलेल्या बाईने नव्याने आत ढकललेल्या मुलीला पहिल्यांदा काय सांगितलं असेल? गोल्ड कोस्टवरचे, म्हणजे आजच्या घानातले, अकान लोक जन्मवारावरून नाव ठेवतात. 29 नोव्हेंबरला गुरुवार होता, गुरुवारी जन्मलेली मुलगी म्हणजे ‘याआ’. तळातल्या अंधारात वार मोजला जात होता का, हे आता तू ठरवायचं. एक माणूस दोर धरून पुन्हा जहाजावर चढला, हेही नोंदलेलं आहे. तुझ्या पानांत तो अर्ध्या ओळीत संपतो! मला राग आला तो इथे.

गुलामीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पबद्दल मला आदरच आहे. पण त्याच्याकडे ही बातमी घेऊन गेला तो ओलाउदा एक्वियानो, स्वतः गुलामीतून सुटलेला माणूस. तू त्याला निरोप्या करून दारातूनच परत पाठवलंस. का?

मराठी माणसाला हा विषय लिहायचा हक्क आहे का, हे मला विचारू नकोस. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, तिथेच ते ठरून गेलं. हक्क आहे. फक्त डेकवरून लिहू नकोस.

माझ्या दुष्काळावरच्या कादंबरीच्या वेळी प्रकाशक म्हणाले होते, कलेक्टरला नायक करा, वाचकाला कुणीतरी ओळखीचं लागतं. मी खडी फोडणाऱ्या बाईला हलवलं नाही. बाड वर्षानुवर्षं कपाटात राहिलं. ज्यांनी आपल्या आजीकडून ऐकलेलं मला सांगितलं, ती माणसं पुस्तक निघेपर्यंत राहिली नाहीत. ती सल आहे, जाणार नाही. लोक म्हणतात, हट्टापायी आयुष्य एका पुस्तकात घालवलं. घालवलं. कलेक्टरचे अहवाल होतेच की छापलेले, बाईचं काय होतं? आज पुन्हा कुणी विचारलं तरी मी तिला हलवणार नाही.

तुझ्यात ही ताकद आहे, नाहीतर एवढं लिहीत बसलो नसतो. कॉलिंगवूडची प्रकरणं बांधून ठेव, फाडू नकोस. कोर्ट आत्ता अजिबात पाठवू नकोस, मी वाचणार नाही. आधी पाऊस लिही, पूर्ण तळातून, आणि त्यात डेकवरच्या एकाही माणसाचा चेहरा दिसू देऊ नकोस. तेवढंच पाठव.

तुझा,
सर