ओल्ड सिटीतला स्टुडिओ घेऊ का? नागपूरहून निघालेल्या एकाला उत्तर

तुझा प्रश्न असा : त्रिमूर्तीनगरहून नोकरीसाठी फिलाडेल्फियाला निघालायस. ओल्ड सिटीत जुन्या गोदामाच्या इमारतीत एक लक्झरी स्टुडिओ, म्हणजे सगळं एकाच खोलीत असलेलं घर, पाहिलायस. उघड्या विटांची भिंत, उंच खिडक्या, खाली जिम, भाडं महिना 1,900 डॉलर. घेऊ का? एकटं वाटेल का, हेही विचारलंस. ‘दादा’ म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहितो. व्हिसा, विमा, बँक यांबद्दल सगळीकडे वाचायला मिळेल. मी त्याच वस्तीत, तसल्याच स्टुडिओत सव्वादोन वर्षं काढली, तेवढंच सांगतो.

वस्ती सुंदर आहे, यात वादच नाही. एल्फ्रेथ्स ॲली नावाची गल्ली आहे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून वसलेली. 32 घरं आहेत आणि त्यांत आजही माणसं राहतात. 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला तो इंडिपेन्डन्स हॉल चालत जाण्याइतका जवळ. सुरुवातीला मी रोज रात्री जेवून त्या दगडी रस्त्यांवर एक फेरी मारायचो आणि मनातल्या मनात म्हणायचो, जमलं बाप्पा आपल्याला.

घर मिळवताना मात्र जीव मेटाकुटीला आला. नागपुरात धरमपेठेतल्या फ्लॅटचे हप्ते मी दहा वर्षं फेडले, एकही चुकवला नाही. इथे त्याला काडीची किंमत नाही. क्रेडिट स्कोअर नाही म्हणून भाड्याच्या तिप्पट पगार दाखवूनही अर्ज तीनदा परत आला. शेवटी दोन महिन्यांचं डिपॉझिट भरलं. पेनसिल्व्हेनिया या इथल्या राज्यात पहिल्या वर्षी त्याहून जास्त घेता येत नाही आणि दुसऱ्या वर्षापासून एकाच महिन्याचं ठेवता येतं. मला हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे वरचे पैसे मी मागितलेच नाहीत. सोडताना नवा पत्ता तोंडी सांगितला. तो लेखी द्यायचा असतो, मग 30 दिवसांत हिशेब देणं मालकाला भाग पडतं. मी सहा महिने फोन करत बसलो आणि निम्मेच पैसे हाती आले.

बघायला जाशील तेव्हा शेगडीवरच्या पंख्याचा पाइप बाहेर जातो का ते विचार. आमचा पंखा धूर गाळून परत खोलीतच सोडायचा. पहिल्या रविवारी वरणाला फोडणी दिली. मोहरी तडतडली, लाल मिरची पडली आणि छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. मी स्टुलावर चढून टॉवेल हलवतोय, तेलातली मिरची काळी पडतेय. पलंग शेगडीपासून सात पावलांवर होता. चादरीचा हिंगाचा वास दोनदा धुतल्यावर गेला. खिडक्याही बघ. आमच्या एकेरी काचेच्या होत्या, हीटर विजेवरचे, आणि जानेवारीचं बिल पाहून मी घरातही जॅकेट घालू लागलो.

पण खरं सांगायचं ते दरवाजाबद्दल. स्टुडिओला आतला दरवाजा एकच असतो, बाथरूमचा. आठ महिन्यांनी बायको आणि मुलगी आल्या. बाबा सकाळी साडेसातला चहा घेऊन फोनची वाट बघायचे, तेव्हा इथे रात्रीचे नऊ-दहा. मुलगी झोपलेली असायची. मी बाथरूममध्ये टबाच्या काठावर बसून हळू आवाजात बोलायचो. बाबांना कमी ऐकू यायचं. ‘मोठ्यानं बोल ना रे’ म्हणायचे. मोठ्यानं बोललो की बाहेर हालचाल व्हायची. मग ‘बरं, ठेवतो’. बहुतेक फोन असे तीन मिनिटांत आटोपले. एकटेपणाचं विचारलंयस. एकटेपणाची सवय होते. त्या तीन मिनिटांची मला अजून झालेली नाही.

तू एकटा येतोयस, तरी शाळेचं सांगून ठेवतो. पत्त्यावरून शाळा ठरते आणि प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना असतो, घरी कोणती भाषा बोलता? मी मोठ्या अभिमानाने मराठी लिहिलं. त्यावरून मुलीची इंग्रजीची चाचणी घेतली. नागपुरात ती इंग्रजी माध्यमातच होती, कविता धडाधड म्हणायची. पण अनोळखी बाईंसमोर एकटी बसवल्यावर तोंडच उघडेना. वर्षभर तिला रोज वर्गातून उठवून वेगळ्या तासाला नेलं. मी दोनदा शाळेत जाऊन बोललो, दोन्ही वेळा गोड बोलून परत पाठवलं. ‘मला काही येत नाही का?’ असं तिने विचारलं होतं, ते आजही टोचतं. मुलाच्या वेळी त्याच रकान्यात मी इंग्रजी लिहिलं. तो आता आजीशी इंग्रजीत बोलतो, आणि त्याची आई मधे बसून दोघांना समजावते.

आमचं जुनं घर नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाजवळ. नागपूर बख्त बुलंद शहाने वसवलं ते 1702 च्या सुमारास, म्हणजे त्या एल्फ्रेथ्स ॲलीच्याच वयाचं. आमच्या घरालाही सागवानी खांब होते, पोपडे उडून उघड्या पडलेल्या विटा होत्या. गल्लीत कार शिरत नाही म्हणून मला तिथे मित्रांना बोलवायची लाज वाटायची. लग्न झाल्याबरोबर धरमपेठेत गेलो, बाबा मात्र महालातच राहिले. व्हिडिओवर त्यांना इथली विटांची भिंत दाखवली तर म्हणाले, ‘प्लास्टर काहून नाही केलं?’ मी समजावत बसलो की याचेच तर पैसे देतो आहोत. ते काही बोलले नाहीत. ते गेल्यावर 2019 मध्ये घर विकलं. मी इथून मुखत्यारपत्र पाठवलं. शेवटचं बघायलासुद्धा गेलो नाही.

तर घे, पण एकाच वर्षाचा करार कर. घरचे यायचे असतील तर त्याआधी दोन दरवाजे लागतील अशी जागा शोध. आम्ही पुढे एक्स्टन या उपनगरात गेलो. तिथे भारतीय पुष्कळ आहेत आणि फोन घेऊन बसायला एक खोली आहे. माझ्या पासपोर्टवर अजून महालचाच पत्ता आहे. आता तो नव्याने काढायचाय. फॉर्म भरून तयार आहे, भारतातल्या पत्त्याचा रकाना तेवढा कोरा ठेवलाय.