आयएसओ सर्टिफिकेट घ्यायचं, पण कोणाकडून?

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, लेथवर व्हॉल्वचे पार्ट करतो. ज्या पार्टीला माल देतो तिचा माल जर्मनीला जातो. आता ते म्हणतात आयएसओ ९००१ पाहिजेच, पुढे १४००१ पण लागेल. एक एजंट म्हणतो आठवड्यात सर्टिफिकेट घरपोच, कोणी बघायला येणार नाही. घेऊ का? आणि सगळ्या जगाला हा एकच कागद कशाला लागतो?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : एजंटला आजच नाही म्हणून टाका.

आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. आयएसओ ही १९४७ पासूनची जिनिव्हातली संस्था, ती फक्त मानकं लिहिते, सर्टिफिकेट कोणालाच देत नाही. ब्रिटनचं बीएस ५७५० हे १९७९ चं मानक होतं, त्याच्यावरून १९८७ ला दर्जा सांभाळायच्या पद्धतीची ९००० ची मालिका आली, तुमचं ९००१ त्यातलंच. तेव्हा युरोपचं एकच मार्केट होऊ घातलं होतं, अनोळखी सप्लायरकडून माल घ्यायचा तर प्रत्येकाच्या कारखान्यात जाऊन बघणं खरेदीदाराला झेपण्यासारखं नव्हतं, मग तो म्हणायला लागला की तिसऱ्या कोणीतरी तपासलंय ते दाखवा. ज्याच्याकडे मागितलं त्याने आपल्या सप्लायरकडे मागितलं, त्याने पुढच्याकडे, असं करत करत ते मकरपुऱ्यापर्यंत आलं. १९९२ च्या रिओ परिषदेनंतर पर्यावरणाचंही तसंच झालं आणि १९९६ ला १४००१ आलं.

म्हणजे सगळी किंमत आहे ती कोणीतरी येऊन बघण्याला. कोणी आलंच नाही तर हातात नुसता कागद, आणि तुमच्या पार्टीने चौकशी केली की ऑर्डरही जाईल. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीला एनएबीसीबीची, म्हणजे अशा कंपन्यांना तपासून मान्यता देणाऱ्या भारतातल्या मंडळाची, मान्यता आहे का, आणि ती तुमच्याच कामासाठी आहे का, ते आधी बघा. खरं सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं आणि मधे दरवर्षी ऑडिट होतं.

आता ऑडिटर बघतो काय? तुमचा माप घ्यायचा व्हर्निअर उचलेल, त्यावरचा नंबर वाचेल आणि त्याच नंबरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे तो माप बरोबर दाखवतो हे तपासल्याचा कागद, मागेल. रिजेक्ट झालेले जॉब चांगल्या मालापासून वेगळे ठेवलेत का, आणि का बिघडले ते कुठे लिहिलंय का, हे विचारेल. ही सवय लागली की रिजेक्शन कुठून येतंय ते तुम्हालाच दिसायला लागतं आणि माझ्या मते खरा फायदा हाच आहे, जर्मनीच्या ऑर्डरचा फायदा त्याच्यानंतर. पण एक लक्षात ठेवा, ९००१ म्हणजे मालाची गॅरंटी नाही, ते कामाच्या पद्धतीचं आहे, मालावर छापायचा आयएसआय मार्क वेगळा.

१४००१ बद्दल तर लोकांचा फारच गैरसमज आहे. त्यात प्रदूषणाची कुठलीही मर्यादा दिलेली नाही, तुमच्या कामातून हवा, पाणी, जमीन यांना काय त्रास होतो ते ओळखा, तुम्हाला लागू असलेला कायदा पाळा आणि सुधारत राहा एवढंच ते सांगतं. मर्यादा येतात आपल्या कायद्यातून, जीपीसीबीकडून, म्हणजे गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून. लेथखाली गळणारं तेल, वापरलेल्या तेलाचं पिंप, ते कोणाला दिलं त्याचे कागद, सगळं त्यात येतं. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, भंगारवाल्याला देऊन चालत नाही, रजिस्टर्ड रिसायकलरलाच द्यायचं. १४००१ च्या ऑडिटरला बोलवायच्या आधी ते आणि जीपीसीबीची कन्सेंट, म्हणजे परवानगी, एवढं मार्गी लावा.