विदूषकावर हॉरर ट्रेलर करायचाय, संशोधन नेमकं कशाचं करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मास मीडियाचं दुसरं वर्ष, पाच जणांचा ग्रुप, दीड मिनिटाचा हॉरर ट्रेलर आणि सोबत संशोधनाची फाइल. खलनायक विदूषक ठरलाय. हॉररचे संकेत, म्हणजे या प्रकारात ठरून गेलेल्या गोष्टी, कुठे शोधायच्या आणि लोक विदूषकाला का घाबरतात, हे तुम्हाला हवंय. शिवाय आपल्याकडे विदूषक चालेल का, ही शंकाही आहे.

आधी माझी फजिती सांगते. मी आज प्रोमो एडिट करते, पण शिकत असताना आम्हीही हाच उद्योग केला होता. ड्रेपरीवाल्याकडून जोकरचा झगा आणला, मित्राच्या तोंडाला पांढरा पॅनकेक मेकअप फासला, ओठांच्या कडेने टोमॅटो सॉस लावला आणि हातात घरची सुरी दिली. बिचारा जीव तोडून दात विचकत होता, डोळे वटारत होता. वर्गात लावलं आणि पहिल्या वीस सेकंदांत हशा पिकला. रडू यायचं बाकी होतं.

खरी गंमत नंतर झाली. फुटेज पुसण्याआधी मी सगळं एकदा पाहिलं. त्यात एक तुकडा असा होता की शॉट संपलाय, कॅमेरा बंद करायला कोणीतरी विसरलंय आणि मित्र जिन्यात दमून बसलाय. कुठेही बघत नाही, हलत नाही. तोंडावर मात्र रंगवलेलं ते भलंमोठं हसू तसंच. जेमतेम पाच सेकंद, पण माझ्या अंगावर काटा आला. अख्ख्या ट्रेलरमध्ये भीती तेवढीच होती आणि ती आम्ही वापरलीच नव्हती.

त्या पाच सेकंदांत नेमकं काय होतं, याच्यावर लोकांनी रीतसर अभ्यास केलाय. वेल्समधल्या साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ६४ देशांतल्या ९८७ प्रौढांना विदूषकांबद्दल विचारलं. थोडीफार तरी भीती वाटते म्हणणारे ५३.५ टक्के निघाले, प्रचंड भीती वाटते म्हणणारे ५ टक्के. कारणांमध्ये सगळ्यात वजनदार ठरलं ते हे की मेकअपमुळे समोरच्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. 'लहानपणी विदूषकाने घाबरवलं होतं' हे कारण सगळ्यात हलकं निघालं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या नॉक्स कॉलेजच्या अभ्यासातही कोणत्या व्यवसायातली माणसं सगळ्यात विचित्र वाटतात, याच्या उत्तरात विदूषक पहिला आला होता. तिथलं म्हणणं असं की उघड धोक्याला आपण पळून जाऊन उत्तर देतो. पण धोका आहे की नाही हेच ठरत नसेल तर माणूस जागीच थिजतो. आमचा सुरीवाला जोकर का फसला ते आलं का लक्षात? सुरी दिसली की शंका संपते. शंका संपली की उरतो तो झगा घातलेला मित्र.

फाइलमध्ये इतिहासाचं एक पान लागेलच. ते ग्रिमाल्डीपासून सुरू करा. जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) हा लंडनच्या रंगभूमीवरचा लाडका नट. पांढरा चेहरा आणि गालांवर लाल खुणा, हे आजच्या विदूषकाचं रूप मुख्यतः त्याच्यापासून आलं. खासगी आयुष्यात माणूस दुःखी होता, शरीर झिजलेलं, मुलगा त्याच्याआधी गेला. पॅरिसमध्ये त्याच काळात प्येरो नावाचं पांढऱ्या चेहऱ्याचं विदूषकी पात्र करणारा द्यब्यूरो हा नट होता. १८३६ मध्ये रस्त्यात चिडवणाऱ्या एका पोराला त्याने काठी मारली आणि पोरगा मेला. कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. म्हणजे 'या रंगामागे कोण आहे?' हा प्रश्न सिनेमाच्या पुष्कळ आधीचा आहे.

मग येतो शिकागोजवळचा जॉन वेन गेसी. मिरवणुकांमध्ये, मुलांच्या कार्यक्रमांत पोगो नावाचा विदूषक व्हायचा. डिसेंबर १९७८ मध्ये पकडला गेला आणि ३३ तरुणांच्या व मुलांच्या खुनांसाठी दोषी ठरला. संशोधनात त्याचा उल्लेख करा, ट्रेलरमध्ये त्याला आणू नका. ती खरी घरं होती, खरी पोरं होती. पण मेकअप करणाऱ्या मुलीला एक तपशील जरूर दाखवा. व्यावसायिक विदूषक ओठांच्या रंगाची टोकं गोल ठेवतात, मुलं दचकू नयेत म्हणून. गेसी ती टोकदार काढायचा. तुम्हाला सॉस, जखमा, दात काहीही नको. दोन्ही कोपरे गोलाऐवजी टोकदार करा आणि गप्प बसा.

आता संकेत. इंटरनेटवर याद्या खंडीने मिळतील: अंधार, एकटं घर, शेवटपर्यंत तगणारी मुलगी, लागत नसलेला फोन. त्या उतरवून काढायला अर्धा तास पुरतो आणि परीक्षकांनी त्या शंभर वेळा वाचलेल्या असतात. त्यापेक्षा दोनच सिनेमांचे तुकडे घ्या आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावून बसा.

पहिला, १९७८ चा 'हॅलोविन'. सुरुवातीचा प्रसंग बघा. कॅमेरा म्हणजे कोणाचे तरी डोळे आहेत. घरात शिरतो, मुखवटा चढवतो आणि मग आपण दोन भोकांतून बघायला लागतो. शेवटी बाप मुखवटा काढतो तेव्हा समोर विदूषकाच्या पोशाखातलं सहा वर्षांचं पोर. चेहरा कोरा. पुढे मोठेपणीच्या त्या खुन्यासाठी मुखवटा शोधताना टीमने दोन पर्याय करून पाहिले होते. एक विदूषकाचा. दुसरा 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, पांढरा रंगवून, भुवया काढून, डोळ्यांची भोकं मोठी करून. निवडला गेला दुसरा, कारण त्यावर काहीच भाव नव्हता. विदूषकावरच्या तुमच्या फाइलमध्ये विदूषक नाकारला गेल्याची ही गोष्ट हवीच.

दुसरा, २०१७ च्या 'इट'चा पहिला टीझर. सगळे तो नाल्यातला विदूषकाचा चेहरा आठवतात. मला त्यातला स्लाइड प्रोजेक्टर जास्त शिकवून गेला. घरगुती फोटो एकेक करून भिंतीवर पडतायत, मग यंत्र आपोआप चालायला लागतं. खट्, खट्, खट्. आईचा चेहरा उडत्या केसांत झाकलेला आणि प्रत्येक खट्-ला थोडा थोडा उघडा पडतो. इथे कटचा ठेका एडिटरने बाहेरून लावलेला नाही, तो प्रसंगातल्याच वस्तूचा आहे. तुमच्याकडे प्रोजेक्टर नसेल. पंख्याची करकर असेल, जिन्यातला लुकलुकणारा ट्यूबलाइट असेल, मिक्सर असेल. त्या आवाजावर कट बसवा आणि एकदा तो आवाज अचानक थांबवा. त्यात विदूषक झालेल्या नटाचं, बिल स्कार्सगार्डचं, एक डोळा भलतीकडे वळवणंही बघा. ते संगणकाने करायचं ठरत होतं, पण त्याला स्वतःलाच जमत होतं. चेहरा आपल्याकडे आणि नजर दुसरीकडे. पुन्हा तेच, याच्या मनात काय आहे ते कळू न देणं.

दचकवण्याचं मूळ शोधायचं असेल तर १९४२ च्या 'कॅट पीपल'मधला बसचा प्रसंग बघा. एक बाई रात्री एकटी चाललीय, मागे कोणीतरी आहे असं वाटतंय, आता झडप पडणार, आणि फिस्सकन् बस येऊन उभी राहते. एवढंच. निर्माता व्हॅल ल्यूटन, म्हणून या युक्तीला 'ल्यूटन बस' असं नावच पडलं. दीड मिनिटात असं एकदाच करा. दुसऱ्यांदा केलं की प्रेक्षक आवाज कमी करतो.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, पण गुण तिच्यावरच जातात. ट्रेलर म्हणजे छोटा सिनेमा नव्हे. आमच्या ट्रेलरमध्ये सुरुवात, मध्य, खून, पोलीस, सगळं होतं. बघून झाल्यावर कोणाला पुढचं काही बघायची गरजच उरली नाही. १९८० च्या 'द शायनिंग'चा टीझर काढून बघा. एकच शॉट: बंद लिफ्ट, वर सरकणारी नावं आणि मग दारातून लोंढ्याने येणारं रक्त. माणूस नाही, संवाद नाही, गोष्ट नाही. तुमच्या बजेटमध्ये लिफ्टभर रक्त बसणार नाही, पण एका शॉटवर भरवसा ठेवणं फुकट आहे.

आपल्याकडे विदूषक चालेल का, ही तुमची शंका रास्त आहे. अमेरिकेत तो वाढदिवसाला घरात यायचा, टीव्हीवर रोज दिसायचा, बर्गरच्या दुकानाबाहेर बाकावर बसलेला असायचा. आधी विश्वास, मग त्याला तडा, म्हणून तिथे भीती लगेच उगवते. आपला जोकर पत्त्यांत आणि सर्कशीत. (विदूषक म्हटलं की संस्कृत नाटकातला राजाचा खादाड मित्रही येतो, पण त्याला कोण घाबरणार?) त्यामुळे रात्री दोन वाजता चाळीच्या गॅलरीत लाल नाकाचा माणूस दिसला की पहिला प्रश्न पडतो, हा इथे कशाला आला? तो इथे कसा आला याचं कारण पहिल्या पंधरा सेकंदांत द्या. गॅलरीत फुगे, पाचवा वाढदिवस, भाड्याने बोलावलेला जोकर, पोरं खूश. मग पाहुणे जातात, पसारा आवरला जातो, दिवे मालवले जातात. आणि जोकर गेलेला नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलाय. हे उजेडात शूट केलंत तरी चालेल.

किंवा विदूषक सोडूनच द्या आणि संकासूर घ्या. कोकणात शिमग्याला नमन-खेळ्यांबरोबर (नमन सादर करणारी गावातली मंडळी) तो येतो, अंगभर काळा वेष, तोंडावर मुखवटा, कमरेला घुंगरं. मोठी माणसं हसतात आणि पोरं आजीच्या पदराआड जातात. दशावतारात वेद चोरणारा संकासूर मालवणीत इरसाल उत्तरं देऊन लोकांना लोळवतो. हसू आणि धास्ती एकाच अंगावर, आणि ते कुठून उसनं आणलेलं नाही. फक्त गावातल्या खेळ्यांना आधी विचारा. कुणाच्या देवाचं सोंग असतं ते.

फाइलसाठी शेवटचं. वर्गातल्या दहा जणांना तुमचा कच्चा कट दाखवा, पण पडद्याकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. कोण कुठल्या सेकंदाला हसलं, कोणी मोबाइल काढला, कोणी पाय वर घेतले, ते लिहा. आमच्या वेळी कोणी असं सांगितलं असतं तर जिन्यातले ते पाच सेकंद वाचले असते.

आणि शूटिंगच्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीला व वॉचमनला सांगून ठेवा. २०१६ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलपासून 'विदूषक फिरतायत' अशी हूल उठली, ती देशभर पसरली, शाळा बंद झाल्या, लोकांना अटकाही झाल्या. आमच्यात असं काही झालं नाही. फक्त पॅकअपनंतर मित्राला मेकअपसकट रिक्षा हवी होती, आणि चार रिक्षावाले वेग न कमी करता निघून गेले. पाचवा थांबला, त्याने नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "मीटरपेक्षा वीस जास्त लागतील."