आभार कोणाचे, ते नाव घेऊन सांग

अरे, तुझा एवढा मोठा मेसेज दोनदा वाचला. पुन्हा नवी नोकरी, पुन्हा नवं शहर, मध्ये ट्रिपपण झाली, रोज रात्री ग्रॅटिट्यूड डायरी भरतोयस आणि तरी आतून कोरडंच वाटतंय, म्हणून विचारतोयस की ताई, मी कृतघ्न आहे का. नाहीस रे. पण डायरीची जी पानं पाठवलीस त्यात मला एकही माणूस सापडला नाही. 'सुंदर प्रवासाबद्दल आभारी', 'नव्या संधीबद्दल आभारी'. कोणाचा आभारी?

माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी सोडणार नाही. आभार माणसाचे मानायचे, नाव घेऊन, त्याने नेमकं काय केलं ते सांगून.

रोज लिहून काही वाटत नाहीये याचं मला नवल नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सहा आठवडे असंच लिहायला लावलं होतं, आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक जाणवला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. एकदा उरकायचं काम झालं की मन त्यात राहतच नाही. शहराचंही तसंच, नव्याचे नऊ दिवस, मग तोच रस्ता आणि तोच डेस्क.

आता नोकरीचंच घे. तुझ्या जागी आधी जी मुलगी होती तिने हँडओव्हरची फाईल ठेवलीये, ती तू मला दाखवलीस आणि म्हणालास 'बरी आहे'. बरी? प्रत्येक स्टेपपुढे तिने लिहिलंय की इथे काम कोणाकडे अडकतं, फोन कोणाला करायचा, महिनाअखेरीला कुठली शीट आधी लॉक करायची नाहीतर सगळे आकडे सरकतात. नोकरी सोडून चाललेल्या माणसाला एवढं लिहायची काय गरज होती? ज्याला कधी भेटणारही नाही त्याच्यासाठी ती शेवटच्या आठवड्यात बसून हे लिहीत होती. तिचं नाव तुझ्या डायरीत का नाही?

प्रवासातही हेच. ड्रायव्हर रात्रभर बस चालवतो, आपण झोपून उठतो आणि सामान उचलून चालू पडतो. मी उतरताना त्याचं नाव विचारते, पावसात गाडी किती सांभाळून आणलीत, मला शांत झोप लागली, एवढं सांगते आणि मगच उतरते. मागचे लोक खोळंबतात, चिडतात. चिडू देत.

यावरून मी खूप ऐकून घेतलंय. एका ठिकाणी वरिष्ठ म्हणायचे की सारखं थँक्यू म्हटलं की लोक डोक्यावर बसतात, आणि माझं प्रमोशन हुकलं तेव्हा 'फार मवाळ आहे' हे कारणही ऐकवलं गेलं. असेना. टीममध्ये कोणी काय केलं हे मला नावासकट माहीत असायचं, त्याला मवाळपणा म्हणत नाहीत, लक्ष असणं म्हणतात, आणि नोकऱ्या बदलल्या, गावं बदलली तरी ती माणसं अजून माझ्याशी जोडलेली आहेत ती त्यामुळेच. हळहळ एकच आहे, ज्या बाईंनी मला काम शिकवलं त्यांना हे सांगायचं राहून गेलं, आता त्या नाहीत. म्हणून तुझ्या मागे लागलेय.

तू म्हणशील ओळख ना पाळख, ऑकवर्ड वाटेल. सगळ्यांना वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये हेच तपासलं होतं, आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांचा जो अंदाज होता त्यापेक्षा वाचणाऱ्यांना आनंद जास्त झाला आणि अवघडलेपण कमी वाटलं.

तेव्हा डायरी ठेव बाजूला. त्या मुलीचा नंबर ऑफिसात कोणाकडे तरी असेलच, मागून घे. 'फाईलबद्दल थँक्स' असलं काही पाठवू नकोस, त्या शीटचं लिही, तिच्यामुळे तुझं या महिन्यात काय निस्तरायचं वाचलं ते लिही. आणि आधीच्या टीमलीडलाही लिही. त्याच्याबद्दल पानभर तक्रार केलीस, पण इंटरव्ह्यूच्या दिवशी तुझी शिफ्ट त्यानेच सांभाळली होती हे एका ओळीत सांगून पुढे गेलास. आधी हे दोन मेसेज जाऊ देत, नवं शहर आवडतंय की नाही ते मग बोलू.