स्टुटगार्टला निघताना: पगार, घर, कागदपत्रं आणि घोडबंदरचा फ्लॅट

तुम्ही विचारलंय की घोडबंदर रोडला स्वतःचा फ्लॅट आहे, घरात नवरा-बायको आणि सात वर्षांची मुलगी, आणि जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या कंपनीकडून वर्षाला ६०,००० युरोची ऑफर आहे. एवढ्यात भागेल का, आणि तिथलं अर्थकारण नि रीतभात आधी कशी समजून घ्यावी?

भागेल. फक्त युरोचे रुपये करून बघू नका. पगारातून काय कापलं जातं आणि त्या बदल्यात काय मिळतं हे पाहा, अर्धा देश तिथेच समजतो.

महिन्याचे ५,००० युरो धरा. त्यातून पेन्शनचे ९.३ टक्के, बेरोजगारी विम्याचे १.३ टक्के, आरोग्य विम्याचे साधारण साडेआठ टक्के आणि म्हातारपणीच्या शुश्रूषेच्या विम्याचा छोटा हप्ता जातो. जवळपास तेवढीच भर कंपनी घालते. वर आयकर. करवर्ग १ मध्ये, म्हणजे एकट्या माणसाच्या वर्गात, हातात साधारण ३,१०० युरो येतात. बायको तिथे राहायला आली असेल आणि कमावत नसेल, तर करवर्ग ३ मध्ये साधारण ३,५००. पण हा वर्ग आपोआप मिळत नाही. जोडप्यातल्या दोघांना आधी वर्ग ४ लावतात, कमावणाऱ्याला ३ आणि दुसऱ्याला ५ हवा तर कर कार्यालयात अर्ज करावा लागतो. तुम्ही आधी एकटे जाणार असाल तर कुटुंब येईपर्यंत १ धरूनच हिशेब मांडा.

कापलेल्या पैशांत न कमावणारी बायको आणि मूल जादा हप्त्याशिवाय सरकारी आरोग्य विम्यात येतात. आजारी पडलात तर सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो (नोकरीचे पहिले चार आठवडे सोडून). मुलीसाठी भत्ता मिळतो, २०२५ मध्ये तो दरमहा २५५ युरो होता. या व्यवस्थेची दुसरी बाजू म्हणजे माणसाचे श्रम महाग. दूध, पीठ, भाजी आवाक्यात असतात, पण नळ दुरुस्तीला माणूस बोलावला की त्याच्या येण्या-जाण्याचेही पैसे बिलात लागतात. म्हणून तिथला इंजिनिअर भिंती स्वतः रंगवतो, कपाट स्वतः जोडतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

सगळ्यात जास्त दमछाक घर शोधताना होते. जाहिरातीत दोन भाडी दिसतील: काल्टमिटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममिटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहून वेगळं. तीन खोल्यांचं घर म्हणजे आपला टू बीएचके, कारण हॉल मोजतात, स्वयंपाकघर नाही. आणि त्या स्वयंपाकघरात ओटा-शेगडीसुद्धा नसण्याची शक्यता मोठी. ते विकत घेऊन बसवायचं, नाहीतर आधीच्या भाडेकरूकडून घ्यायचं. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमिटेपेक्षा जास्त मागता येत नाही आणि तुम्ही ते तीन हप्त्यांत देऊ शकता. ब्रोकर घरमालकाने नेमला असेल तर त्याचे पैसे घरमालकानेच द्यायचे. घर न बघता कोणी आगाऊ पैसे मागितले तर ती फसवणूक समजा. पहिले दोन-तीन महिने फर्निचरसह तात्पुरतं घर घ्या, पण तिथे पत्ता नोंदवता येईल असं लेखी घ्या.

कारण पुढचं सगळं त्या नोंदणीवर, आन्मेल्डुंगवर, अडतं. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, घरमालकाच्या सहीचं पत्र सोबत. मग कर क्रमांक पोस्टाने येतो. पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि क्रमांक न मिळाल्यास कंपनी सर्वात जड करवर्ग ६ लावू शकते. तेव्हा घरात शिरल्याबरोबर पेटीवर नाव चिकटवा. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं. करारात, बँकेत, विम्यात ते तसंच्या तसं लिहा. बायकोचं नाव लग्नाच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर वेगळं असेल तर ते ठाण्यात असतानाच जुळवून घ्या.

ऑफिसात चूक थेट सांगतात, त्यात राग नसतो. निर्णयाला वेळ लागतो, पण झाला की सहसा बदलत नाही. सुट्टी वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवतात आणि ती घेणं अपेक्षित असतं. रविवारी दुकानं बंद, ड्रिलिंग बंद. रात्री दहानंतर शांतता.

मुलीची शाळा मात्र मनावर घ्या. प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. विद्यापीठाचा सरळ रस्ता त्यातल्या गिम्नाझियम नावाच्या शाळेतून जातो. म्हणजे तिला जर्मन पक्कं करायला दोन-अडीच वर्षंच आहेत. कुटुंब उशिरा नेऊ नका.

इकडची कामंही आहेत. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं चालत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. फ्लॅट भाड्याने दिलात तर भाडेकरूने तुमच्या भाड्यातून ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापायचा असतो. बऱ्याच भाडेकरूंना हे माहीत नसतं, करारातच लिहा. सोसायटीच्या आणि फ्लॅटच्या कामांसाठी आई-वडील किंवा भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र निघण्यापूर्वी ठाण्यातच नोंदवा. परदेशातून केलं तर भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकन आणि महाराष्ट्रात आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, असा फेरा पडतो. ठाणे आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढा. आपलं लायसन्स तिथे सहा महिनेच चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा.

भाषा दोघांनीही आजपासून सुरू करा, जर्मन शिकवणाऱ्या मॅक्सम्युलर भवनचे ऑनलाइन वर्ग आहेत. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) जर्मनची ए१ ही पहिली पातळी असेल तर २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, बी१ ही तिसरी पातळी असेल तर २१ महिन्यांनी. बायकोला व्हिसासाठी जर्मनची अट नाही आणि आल्या दिवसापासून कामाची मुभा आहे, पण आयटीबाहेरच्या बहुतेक नोकऱ्या बी१-बी२ शिवाय मिळत नाहीत.