पुरातून सुखरूप वाचलेले वडील वर्षभराने का खचले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महापुरातून ७४ वर्षांचे वडील एक ओरखडाही न येता बाहेर पडले, पण घर गेलं. आता वर्ष झालं, ते चालायला कंटाळतात, नावं विसरतात. हे वयामुळे की पुरामुळे?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझे बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे. वडिलांना न पाहता निदान करणार नाही, पण सगळं वयावर ढकलू नका.

जपानमधल्या इवानुमा शहरात ज्येष्ठांची तब्येत आणि त्यांचा लोकांतला वावर यांची पाहणी झाली होती. पुढे सातच महिन्यांत, ११ मार्च २०११ला, भूकंप आणि त्सुनामी आली. त्यामुळे आधी कोण कसं होतं याची नोंद हाताशी होती. सुमारे अडीच वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा तपासलं, तेव्हा ज्यांचं घर गेलं होतं त्यांची बुद्धी आणि स्मरण जास्त घसरलेलं आढळलं. नैराश्य आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत उठबस कमी होणं, या दोन्हींचा त्यात हात होता. याच शहरात काही जण शेजाऱ्यांसह गटाने नव्या जागी गेले, तर काहींना सोडतीत निघेल तिथे एकेकटं जावं लागलं. गटाने गेलेल्यांचं एकमेकांकडे येणंजाणं वाढलं, एकेकट्यांचं घटलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

म्हणूनच तुमचं एक वाक्य मला खटकलं: "आता ते आमच्याकडे असतात, आम्ही त्यांना काही करू देत नाही." माया कळते. पण एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं जवळपास १ किलो वजन उतरलं, तेही चरबीचं नाही, बहुतांशी स्नायूंचं. आपत्तीनंतर रोजची कामं सुटून माणूस असा खंगतो, त्याला जपानमध्ये वेगळं नावच आहे. वडील त्यांच्या जुन्या घरी नुसते बसून नसणार. आठवून पाहा, दिवसभर काय काय करायचे? त्यातलं एखादं काम त्यांच्याकडे परत द्या, हळू झालं तरी चालेल. खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का, तेही बघा.

आणखी एक, जे घरच्यांच्या लक्षात येत नाही. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र पुरात गेलं का? नीट ऐकू न येणारा माणूस विसराळू वाटतो, नीट चावता न येणारा कमी खातो. बंद पडलेली किंवा अंदाजाने पुन्हा सुरू केलेली औषधंही डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, साखर, थायरॉईड, बी-१२ तपासून घ्या आणि नैराश्याबद्दल स्पष्ट विचारा. या वयात ते रडण्यातून कमी आणि गप्प बसण्यातून जास्त दिसतं.

मात्र अचानक बरळायला लागले, बोलणं अडखळलं किंवा एक बाजू लुळी वाटली, तर क्षणभरही थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

तसं काही नसेल तर आज एक फोन लावून द्या, त्यांच्या जुन्या शेजाऱ्याला. तेही कुठेतरी परक्या खोलीत बसलेले असतील.